मांजराच्या वाढत्या पिल्लासाठी योग्य आहार कसा निवडावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील बहुतेक मराठी घरांत मांजराच्या पिल्लाचे जेवण ठरलेले असते. वाटीभर दूध, त्यात कुस्करलेला भात, आणि घर मांसाहारी असेल तर वर चिमूटभर सुकट. पिल्लू ते चाटूनपुसून खाते, त्यामुळे एवढे त्याला पुरते हा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. प्रत्यक्षात जन्मतः जेमतेम 100 ग्रॅमचे असणारे पिल्लू दोन महिन्यांत 800 ते 900 ग्रॅमपर्यंत पोहोचते, आणि इतक्या वेगाने हाडे, स्नायू, डोळे व हृदय घडत असताना त्याला लागणाऱ्या घटकांपैकी बरेचसे दूधभातात नसतातच. म्हणून घरात काय शिजते हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा; आधी पिल्लाचे वय आणि वजन पाहावे आणि मग खाद्याकडे वळावे.

पिल्लाच्या शरीराला काय लागते

मांजर हा पूर्णपणे मांसाहारावर घडलेला प्राणी आहे. कुत्रा माणसाच्या ताटातल्या उरल्यासुरल्या अन्नावर बऱ्यापैकी निभावतो. मांजराला ते जमत नाही, कारण काही अत्यावश्यक घटक त्याचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. टॉरिन हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा. तो मांसात, विशेषतः हृदय आणि मासळीसारख्या पदार्थांत असतो. भात, भाकरी, डाळ यांत तो नसतो. टॉरिन कमी पडल्यास मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजून अंधत्व येते, हे 1970 च्या दशकात लक्षात आले. आणि 1987 मध्ये हेही सिद्ध झाले की याच कमतरतेमुळे हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगते. त्यानंतर जगभरातील मांजरखाद्यांत टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. गाजर-भोपळ्यातील रंगद्रव्यापासून जीवनसत्त्व अ तयार करणे माणसाला जमते, मांजराला जमत नाही. त्याला ते यकृत, अंडे यांसारख्या प्राणिज पदार्थांतून तयार स्वरूपातच मिळावे लागते. आर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल तर एका जेवणात जरी अजिबात नसले, तरी काही तासांत रक्तातील अमोनिया वाढून मांजर आजारी पडू शकते.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. घरात कुत्राही असेल, तर त्याचे पेडिग्रीसारखे खाद्य पिल्लाला रोज घालू नये. एखाद्या वेळी त्याने कुत्र्याच्या ताटलीत तोंड घातले तर घाबरण्याचे कारण नाही, मात्र त्या खाद्यातील प्रथिने आणि टॉरिन मांजराच्या हिशेबाने ठरवलेली नसतात.

वय ओळखणे

सीमाभागात पिल्लू विकत आणण्यापेक्षा ते आपोआप घरी येण्याचे प्रमाण अधिक. कुणाच्या माळ्यावर भाटीने पिल्ले घातलेली असतात, कुणाला पावसात गवताच्या गंजीखाली एकटे पिल्लू सापडते, आणि जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसते. अशा वेळी डोळे आणि दात यांवरून अंदाज बांधता येतो. डोळे पूर्ण मिटलेले असतील तर पिल्लू साधारणपणे आठ-दहा दिवसांच्या आतील समजावे. समोरचे बारीक दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत दुधाचे बहुतेक दात येतात. डोळ्यांचा निळसर रंग सहा-सात आठवड्यांनंतर बदलू लागतो. साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून कायमचे येतात. या काळात पिल्लू कडक खाद्य टाळत असेल, तर ते हट्टी झाले आहे असे न मानता हिरड्या दुखत असतील असे धरून चालावे आणि खाद्य कोमट पाण्यात भिजवून द्यावे.

वजनाची नोंद वयाइतकीच उपयोगी आहे. स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काटा असल्यास उत्तम. नसल्यास ओळखीच्या किराणा दुकानातील काट्यावर पिल्लू टोपलीत ठेवून वजन करावे आणि टोपलीचे वजन वजा करावे. दुकानदार सुरुवातीला हसेल, पण नाही म्हणणार नाही. पहिले पाच-सहा महिने आठवड्याला सुमारे 100 ग्रॅमची वाढ ही ढोबळ अपेक्षा ठेवावी. आपल्याकडील गावठी मांजरे अंगाने लहान असल्यामुळे काही पिल्लांत ही वाढ 80 ग्रॅमच्या आसपास राहते. तीही सातत्याने होत असेल तर चिंता नको. सलग दोन आठवडे काटा हललाच नाही, तर मात्र खाद्य बदलत बसण्याऐवजी पशुवैद्याकडे जावे.

दुधाचा प्रश्न

भाटीच्या दुधात प्रथिनांचे प्रमाण गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असते. त्यामुळे आईविना सापडलेल्या पिल्लाला गाईचे दूध, आणि तेही मायेने पाणी घालून पातळ केलेले, देणे म्हणजे त्याला उपाशी ठेवण्यासारखेच आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असला तरी प्रथिनांची तूट त्याने भरून निघत नाही, आणि लहान आतड्यांना ते जड जाते. चार आठवड्यांच्या आतील अनाथ पिल्लासाठी मांजराच्या पिल्लांकरिता बनवलेली दुधाची भुकटी मिळते. ती बेळगाव शहरातील पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा पशुवैद्याकडे विचारावी, नाही तर ऑनलाइन मागवावी. ती येईपर्यंतचा एखादा दिवस काय करावे हे पशुवैद्याला फोनवर विचारून घ्यावे.

भुकटीचे दूध पाकिटावरील प्रमाणानेच कालवावे, कोमट करावे, आणि पिल्लू पालथे, म्हणजे आईजवळ पिताना असते तसे, ठेवून बाटलीने पाजावे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, पुढे हळूहळू अंतर वाढवत पाजावे, आणि प्रत्येक पाजण्यानंतर ओल्या मऊ कापसाने पोटाखालचा भाग हलके पुसावा, कारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला लघवी व शी करण्यासाठी आईच्या चाटण्याची गरज असते. पावसाळ्यात सापडलेल्या पिल्लाबाबत आणखी एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. अंग गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजू नये. आधी त्याला कापडात गुंडाळून, गरम पाण्याची बाटली फडक्यात लपेटून शेजारी ठेवून ऊब द्यावी. थंड पडलेले पोट दूध पचवू शकत नाही.

दूध सुटण्याचा काळ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतो आणि आठव्या आठवड्यापर्यंत संपतो. त्यानंतर दुधातील साखर पचवणारे विकर पिल्लाच्या आतड्यात कमी कमी होत जाते, आणि म्हणूनच पुष्कळ पिल्लांना दुधानंतर पातळ शी होते. काही मांजरांना थोडे दूध आयुष्यभर सोसते हे खरे. परंतु सोसते म्हणून ते अन्न ठरत नाही. आपले पिल्लू दूध पिऊन ठणठणीत असेल, तर चमचा-दोन चमचे लाड म्हणून द्यायला हरकत नाही. जुलाब होत असतील तर पहिली गोष्ट दूध बंद करावी.

पाकीट हातात घेतल्यावर काय वाचावे

तीन-चार आठवड्यांपासून वर्षभरापर्यंतच्या पिल्लाचा मुख्य आहार म्हणून पिल्लांसाठीचे तयार संपूर्ण खाद्य हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरी शिजवून संतुलित आहार देणे अशक्य नसले, तरी त्यासाठी कॅल्शियम, टॉरिन आणि जीवनसत्त्वे मोजून घालावी लागतात, आणि तो हिशेब वाढीच्या काळात चुकला तर त्याची किंमत पिल्लाची हाडे मोजतात.

व्हिस्कस, रॉयल कॅनिन, मी-ओ, ड्रूल्स अशी अनेक नावे दुकानांत दिसतात. पुढच्या बाजूचे मांजराचे चित्र आणि माशाचे चित्र यांवर वेळ न घालवता पाकीट उलटे करावे. मजकूर बहुधा इंग्रजीतच असतो, त्यामुळे घरातील शिकणाऱ्या मुलांना सोबत नेणे सोयीचे. पहिली शोधायची गोष्ट म्हणजे ‘कम्प्लीट’ किंवा ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द, आणि त्यांच्याच जवळपास ‘किटन’, ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ यांपैकी एक उल्लेख. ‘कॉम्प्लिमेंटरी’, ‘ट्रीट’ किंवा ‘स्नॅक’ असे लिहिले असेल, तर ते खाद्य तोंडी लावण्यापुरतेच आहे. नुसते ‘अ‍ॅडल्ट’ असे लिहिलेले पाकीट पिल्लासाठी घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त मिळत असले तरी.

दुसरी गोष्ट प्रथिनांचा आकडा. अमेरिकेतील आफ्को या संस्थेचे मानक अनेक उत्पादक पाळतात. त्यानुसार पिल्लाच्या खाद्यात, पाणी वगळून मोजल्यास, किमान 30 टक्के प्रथिने आणि 9 टक्के स्निग्धांश हवा. प्रौढ मांजरासाठी प्रथिनांची हीच किमान मर्यादा 26 टक्के आहे. पाणी वगळून हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण कोरड्या आणि ओल्या खाद्याची तुलना करताना पुष्कळ जण इथेच फसतात. समजा, कोरड्या खाद्याच्या पाकिटावर प्रथिने 34 टक्के आणि ओलावा 10 टक्के लिहिला आहे, तर ओल्या खाद्याच्या पाऊचवर प्रथिने 10 टक्के आणि ओलावा 80 टक्के आहे. वरवर पाहता पाऊच निकृष्ट वाटेल. पण ओलावा काढून टाकला की कोरड्या खाद्यात 90 पैकी 34, म्हणजे जवळजवळ 38 टक्के प्रथिने उरतात, आणि पाऊचमध्ये 20 पैकी 10, म्हणजे 50 टक्के. हा भागाकार मोबाइलवर दुकानातच करून पाहावा.

तिसरी गोष्ट घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. सुरुवातीलाच चिकन, चिकन मील, मासे किंवा इतर प्राणिज प्रथिन असावे. मका, गहू, सोया यांनीच यादी सुरू होत असेल तर त्याच किमतीत दुसरे काही मिळते का ते पाहावे. इथे एक खोच आहे. ताजे चिकन यादीत पहिले दिसते ते त्यातील पाण्याच्या वजनामुळे, आणि चिकन मील म्हणजे पाणी काढलेले मांस असल्यामुळे ते दुसऱ्या क्रमांकावर असूनही प्रत्यक्ष प्रथिने अधिक पुरवत असू शकते. ‘ट्यूना फ्लेवर’ या शब्दांचा अर्थ चव ट्यूनाची आहे एवढाच घ्यावा.

सुटे खाद्य घेण्याचा मोह टाळावा. मोठे पोते फोडून किलो-अर्धा किलोच्या प्लास्टिक पिशव्यांत भरलेले खाद्य स्वस्त पडते, पण त्यावर उत्पादनाची तारीख नसते, वयोगट नसतो, आणि पोते केव्हा फोडले हे दुकानदारालाही आठवत नसते. हवा लागलेल्या खाद्यातील चरबी खवट होते आणि काही जीवनसत्त्वे नष्ट होतात. पैशाची अडचण असेल, तर महागड्या नावाचे लहान पाकीट घेण्यापेक्षा साध्या नावाचे, पण पिल्लांसाठीचे संपूर्ण खाद्य असलेले बंद पाकीट घेणे केव्हाही बरे.

कोरडे की ओले, आणि किती

ओल्या खाद्यात 75 ते 80 टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि कोरड्यात 10 टक्क्यांच्या आसपास. पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिकेतील व मध्यपूर्वेतील कोरड्या प्रदेशातला रानबोका असल्यामुळे मांजराला तहान कमी लागते, आणि भक्ष्यातील पाण्यावर भागवण्याची त्याची मूळ सवय असते. यामुळे ओले खाद्य मूत्रमार्गाच्या दृष्टीने चांगले. परंतु खर्चाचा विचार केला तर सर्वसाधारण घराला फक्त पाऊचवर पिल्लू वाढवणे परवडत नाही, कारण 85 ग्रॅमच्या एका पाऊचमधून साधारण 70 कॅलरी मिळतात, आणि चार महिन्यांच्या, दीड किलोच्या पिल्लाला दिवसाला 200 कॅलरींहून थोडे अधिक लागते. म्हणजे रोज तीन पाऊच. त्याऐवजी कोरडे खाद्य मुख्य ठेवून, त्यातील एक-दोन वेळचे कोमट पाण्यात भिजवून द्यावे. जमेल तेव्हा पाऊचची भर घालावी. भिजवलेले खाद्य उन्हाळ्यात तासाभराच्या आत उचलून टाकावे.

कोरड्या खाद्याचे प्रमाण प्रत्येक पाकिटावर दिलेले असते आणि तेच आधारभूत धरावे. अंदाजासाठी सांगायचे तर दोन महिन्यांच्या, 800 ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला सुमारे 40 ग्रॅम, चार महिन्यांच्या पिल्लाला 50 ते 55 ग्रॅम, आणि सहा महिन्यांच्या, सव्वादोन किलोच्या पिल्लाला 60 ग्रॅमच्या आसपास लागते. यातून खर्चही काढता येतो. 1.2 किलोचे पाकीट रोज 50 ग्रॅम या हिशेबाने 24 दिवस पुरते. पाकिटाच्या किमतीला 24 ने भागले की दिवसाचा खर्च हाती येतो, आणि दोन वेगवेगळ्या पाकिटांची तुलना किलोच्या दरापेक्षा याच आकड्यावर करावी, कारण चांगल्या खाद्याचे प्रमाण बहुधा कमी लागते.

पिल्लाचे पोट लहान असते. चार महिन्यांपर्यंत दिवसाचे खाद्य चार वेळांत, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळांत आणि त्यापुढे दोन वेळांत विभागावे. घरातील सर्व मंडळी शेतावर किंवा नोकरीवर जात असतील, तर मोजलेले कोरडे खाद्य ताटलीत ठेवून जाण्यास हरकत नाही. मात्र ‘मोजलेले’ या शब्दाला सूट देऊ नये. पाणी उथळ, रुंद स्टीलच्या वाटीत, खाद्यापासून थोडे दूर, आणि रोज बदललेले असावे.

आपल्या स्वयंपाकघरातून काय द्यावे

दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी साधारण दहावा हिस्सा घरातील पदार्थांना द्यायला हरकत नाही. पाण्यात मीठ न घालता उकडलेले चिकनचे बारीक तुकडे हा यातला सर्वांत सोपा आणि पिल्लांना आवडणारा पदार्थ. उकडलेले अंडेही चालते. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागातील एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरते, म्हणून अंडे शिजवलेलेच द्यावे. हे सर्व फोडणीआधी बाजूला काढावे. आपल्याकडच्या रश्श्यात कांदा-लसूण मसाला असतो, आणि कांदा व लसूण, कच्चे, शिजवलेले किंवा वाटलेले, मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. वजनाच्या किलोमागे सुमारे 5 ग्रॅम कांदा मांजराच्या रक्तात बदल घडवतो असे आढळले आहे. 800 ग्रॅमच्या पिल्लासाठी हे प्रमाण चमचाभर कांद्याइतके होते. ‘रश्श्यातला तुकडा धुऊन दिला’ हे समर्थन इथे चालत नाही, कारण मसाला तुकड्यात मुरलेला असतो.

याच्या उलट टोकाला, पिल्लू मांसाहारी आहे म्हणून त्याला नुसते चिकन किंवा मटण घालणारी घरेही आहेत. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या तुलनेत फॉस्फरस 15 ते 20 पट असतो, आणि वाढत्या हाडांना दोन्ही साधारण समप्रमाणात लागतात. रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून ओढू लागते. हाडे पातळ होतात, आणि खिडकीतून मारलेल्या एका उडीतही पाय मोडू शकतो. फक्त काळीज घालण्याची सवयही वाईट, कारण त्यात जीवनसत्त्व अ इतके असते की महिनोन्‌महिने रोज दिल्यास मानेचे मणके जखडतात. आठवड्यातून एखादा लहान तुकडा पुरे. शिजवलेली हाडे तर कधीच देऊ नयेत, ती टोकदार फुटतात.

मासळीबद्दल थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण मांजर आणि मासा ही जोडी आपल्या मनात पक्की बसलेली आहे. बेळगावच्या बाजारात गोवा आणि कारवारकडून येणारा बांगडा, तारली स्वस्त असते तेव्हा ती पिल्लासाठीही घेतली जाते. अनेक प्रकारच्या कच्च्या माशांत जीवनसत्त्व ब1 नष्ट करणारे विकर असते. त्यावरच वाढलेल्या मांजराची मान खाली पडते, तोल जातो, झटके येतात. शिजवल्याने ते विकर नाहीसे होते, म्हणून मासा उकडून, काटे काढून, आठवड्यातून एक-दोनदाच द्यावा. तेलकट मासा रोज दिल्यास जीवनसत्त्व ई कमी पडून त्वचेखालची चरबी दुखरी होते. सुकट आणि सुके बोंबील यांच्या वासावर पिल्लू इतके भाळते की पुढे ते दुसरे काही खात नाही, आणि खारवलेल्या सुक्या मासळीतील मीठ त्याच्या मूत्रपिंडांना झेपण्यापलीकडचे असते. सुकट अजिबात न देणे सर्वांत बरे. द्यायचीच झाली तर बिनमिठाची, भिजवून, पाणी टाकून, चिमूटभर.

कुंदा या दुधाच्या मिठाईचा विषय बेळगावकरांच्या घरात निघणारच. मांजराच्या जिभेवर गोड चव ओळखणारी यंत्रणाच नसते. तिचे एक जनुक निकामी झालेले असल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पिल्लू कुंदा चाटते ते त्यातील दुधाच्या चरबीसाठी. साखर त्याच्या उपयोगाची नाही, तेव्हा कुंदा घरच्यांनीच खावा. चॉकलेट, चहा, कॉफी, द्राक्षे आणि मनुका यांपासूनही पिल्लाला दूर ठेवावे.

आखाड आणि श्रावण या दोन महिन्यांत पिल्लांच्या पोटाचे विशेष हाल होतात. आखाडात घरोघरी मटण शिजते आणि पिल्लाला हाडे, चरबी, रस्सा असे सगळे मिळते. श्रावण लागताच स्वयंपाकघर एका दिवसात शाकाहारी होते आणि पिल्लू दूधभातावर येते. व्रत माणसाचे आहे, पिल्लाने ते पाळण्याची अपेक्षा ठेवू नये. ज्या घरांत श्रावणात किंवा बारा महिने मांस शिजत नाही, त्यांच्यासाठी कोरडे तयार खाद्य हाच मधला मार्ग आहे. ते शिजवावे लागत नाही, वेगळ्या डब्यात, वेगळ्या चमच्याने, स्वयंपाकघराबाहेर ठेवता येते. परंतु ज्यांना मांसजन्य खाद्याचे बंद पाकीटही घरात नको आहे, त्यांनी मांजर न पाळता ससा किंवा पक्षी यांचा विचार करावा. भाताच्या कोठीजवळ उंदीर होतात म्हणून मांजर पाळणाऱ्यांत आणखी एक समज आहे की पोट भरलेले मांजर शिकार करत नाही. शिकारीची ओढ भुकेवर अवलंबून नसते. पोटभर खाल्लेले मांजरही उंदीर धरते, आणि उपाशी पिल्लू फक्त अशक्त होते. घरात उंदरांचे विष ठेवले असेल तर पिल्लाला त्या बाजूला जाऊच देऊ नये, कारण विष खाल्लेला उंदीर त्याच्या पोटात गेला तर तेही दगावू शकते.

पावसाळ्यातील साठवण

जांबोटी, कणकुंबीसारख्या खानापूर तालुक्यातील गावांत जूनपासून पाऊस आणि दमट हवा महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. दुकान लांब असल्यामुळे लोक पाऊस लागण्याआधी खाद्य भरून ठेवतात, ते योग्यच. फक्त एका मोठ्या पोत्याऐवजी लहान बंद पाकिटे घ्यावीत. उघडलेले खाद्य डब्यात ओतू नये. मूळ पाकिटाचे तोंड गुंडाळून, चिमटा लावून, ते पाकीटच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, म्हणजे तारीख आणि बॅच क्रमांकही हाताशी राहतो. उघडलेले पाकीट महिना-दीड महिन्यात संपवावे. खाद्य मऊ पडले, कुबट वास आला किंवा बुरशीचा ठिपका दिसला, तर वरचे काढून खालचे देण्याची काटकसर करू नये, कारण बुरशीचे विष डोळ्यांना दिसत नाही आणि यकृतावर आघात करते. मुंग्यांसाठी ताटली पाणी भरलेल्या परातीत ठेवण्याची जुनी युक्ती चांगली. ताटलीभोवती पावडर टाकू नये.

खाद्य बदलताना आणि त्यानंतर

कोणतेही नवे खाद्य एका दिवसात सुरू करू नये. पहिले दोन दिवस जुन्यात पाव भाग नवे, पुढचे दोन दिवस निम्मे, नंतर पाऊण, अशा क्रमाने सात ते दहा दिवसांत बदल पूर्ण करावा. दूधभातावरून कोरड्या खाद्यावर येणारे पिल्लू पहिले काही दिवस तोंड फिरवते. अशा वेळी भिजवलेल्या खाद्यावर बिनमिठाचे चिकन उकडलेले पाणी घालावे, खाद्य थोडे कोमट करावे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचलावी. हट्ट मोडण्यासाठी मात्र उपाशी ठेवू नये. तीन महिन्यांच्या आतील पिल्लाने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याच्या रक्तातील साखर घसरू शकते, आणि मग थांबण्यात अर्थ नसतो.

खाद्य योग्य आहे की नाही हे विष्ठा, केस आणि अंग पाहून कळते. शी घट्ट, आकार असलेली हवी. केस मऊ आणि चमकदार हवेत. बरगड्या बोटांना सहज लागाव्यात, पण दुरून मोजता येऊ नयेत. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि पाठ मात्र हाडकुळी असेल, तर दोष बहुधा खाद्याचा नसून जंतांचा असतो. जंतांच्या अळ्या आईच्या दुधातूनही पिल्लात येतात, म्हणून घरी आणलेल्या प्रत्येक पिल्लाला पशुवैद्याकडून वजनानुसार जंतनाशक द्यावे. माणसांच्या गोळीचा तुकडा देऊ नये. रक्त पडणे, वारंवार उलटी आणि जुलाब ही लक्षणे दिसल्यास उशीर करू नये, कारण लसीकरण न झालेल्या पिल्लांतील विषाणूजन्य आजारही असेच सुरू होतात.

नसबंदी साधारण चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान केली जाते. तिच्यानंतर भूक वाढते आणि शरीराची ऊर्जेची गरज मात्र घटते, त्यामुळे पिल्लांचेच खाद्य चालू ठेवून प्रमाण थोडे कमी करावे आणि वजन दर पंधरा दिवसांनी पाहावे. दहा ते बारा महिन्यांचे झाल्यावर, वजन स्थिर होऊ लागले की, वर सांगितलेल्या पायऱ्यांनीच प्रौढ मांजराच्या खाद्यावर न्यावे. भाटी गाभण असेल किंवा पिल्लांना पाजत असेल, तर तिला मात्र पिल्ले दूध सोडेपर्यंत पिल्लांचेच खाद्य आणि पोटभर द्यावे.